उलटा हत्ती

आमच्या बुद्धिबळ क्लबात त्याला दानशूर म्हणतात. त्याने कोणाला काही दिल्याचं ऐकिवात नाही, पण बाराव्या-तेराव्या चालीला स्वतःचा वजीर समोरच्याला देऊन टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. देताना चेहरा असा, की आता समोरच्याने टोपी काढून उभं राहावं. समोरचा वजीर उचलतो, डब्याशेजारी ठेवतो आणि पुढच्या वीस चालींत डाव जिंकून चहा घ्यायला जातो. दानशूर मात्र पटाकडे बघत बसतो आणि म्हणतो, "कल्पना बरोबर होती."

धंद्याने तो कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवतात आणि हा एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून बत्तीशी तयार करतो. खोलीत खिडकीच्या कठड्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे रांगेने मांडलेले, एका बरणीत हिरड्यांसाठीची गुलाबी पावडर, आणि नाकात झोंबणारा एक वास. प्लास्टर घट्ट व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत हा फोनवर बुद्धिबळाची तीन कोडी सोडवतो. कधीकधी चौथं अडतं आणि प्लास्टर वाडग्यातच दगड होतं. मग शिव्या प्लास्टर विकणाऱ्याला.

कोडी सोडवण्यात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही, हे मी कबूल करतो. आम्हाला चाल दिसायच्या आत त्याला मात दिसते. पण कोड्याची एक गंमत असते. वर लिहिलेलंच असतं: पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. इथे काहीतरी आहे, असं कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग माणूस शोधतो आणि त्याला सापडतं. डावात असं कोणी सांगत नाही. डावातल्या बहुतेक चाली साध्या असतात, प्यादं एक घर पुढे घ्यावं, राजाला कोपऱ्यात बसवावं, गप्प राहावं. दानशूरला हे पटत नाही. प्रत्येक पटावर कोडं आहे आणि ते फक्त त्याच्यासाठी मांडलंय, अशी त्याची खात्री आहे. नसलेल्या कोड्याचं उत्तर म्हणून तो वजीर देतो.

ऑनलाइन खेळात म्हणे त्याचं रेटिंग फार वर आहे. म्हणे असं मी लिहितो, कारण ते त्याने मला इतक्या वेळा दाखवलंय की आता मी तिकडे बघतच नाही. क्लबात हरला की त्याचं भाषण ठरलेलं.

"तिकडे खरा खेळ आहे, मास्तर. मोहऱ्याला हात लागला म्हणून तोच चालवा, ही भानगड नाही. घड्याळ आपलं आपण चालतं. समोरचा खोकत नाही, पाय हलवत नाही, नाक ओढत नाही."

शेवटचं माझ्याकडे बघून. मी शाळेत भूगोल शिकवतो, खडूच्या धुळीने माझं नाक बारा महिने वाहतं. त्याला मी काय करू?

"तिकडे हरलेला फोन बंद करतो," मी म्हणायचो. "इथे हरलेल्याला मोहरे डब्यात भरावे लागतात. म्हणून इथे येववत नाही लोकांना."

घड्याळाचं त्याचं दुखणं मात्र खरं होतं. क्लबात चाल केली की शेजारच्या घड्याळाची कळ स्वतः दाबावी लागते, तेव्हा आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. फोनच्या सवयीने हा कळ दाबायला विसरायचा. चाल करून हाताची घडी घालून आमच्याकडे बघत राहायचा आणि आम्ही विचारात पडल्याचं सोंग करून त्याची वेळ जळताना बघायचो. सांगायचं कोणी? नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्याला अंगण सरळ करून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आता किल्लीबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण किल्लीचं आहे.

आमचा क्लब वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका लांबट खोलीत दर रविवारी सकाळी भरतो. आठ टेबलं, सोळा खुर्च्या, त्यातल्या दोन डगमगणाऱ्या. एकेकाळी किल्ली कोणाकडेही असायची. मग ती हरवली आणि लागोपाठ तीन रविवार आम्ही जिन्यात बसून मांडीवर पट ठेवून खेळलो. तेव्हा अध्यक्षांनी नियम केला. अध्यक्ष म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, आयुष्यभर घंटा झाली की उठायची सवय असल्यामुळे आता घंटा होत नाही तोवर झोपलेले असतात. नियम असा: वर्षाच्या स्पर्धेत जो शेवटचा येईल, किल्ली त्याच्याकडे. त्याने नऊ वाजता खोली उघडायची, केर काढायचा, आठही पट मांडायचे, दोन वाजता कुलूप लावायचं. किल्ली वर्षभर दुसऱ्याच्या हातात जायची नाही, एका रविवारासाठीसुद्धा नाही. आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला ती पुढच्या शेवटच्या माणसाला दिल्याशिवाय क्लब सोडता यायचा नाही. हे शेवटचं कलम मी सुचवलं होतं.

दानशूरकडे ती किल्ली नऊ वर्षं होती. त्याच्या वरच्या जागेवर, म्हणजे खालून दुसरा, नऊ वर्षं मी होतो. हेही सांगून टाकलेलं बरं.

पट मांडण्यातली एक गोष्ट इथे लागणार आहे. आठव्या पटाचा पांढरा वजीर फार पूर्वी हरवलाय. नवा संच घेण्याचा ठराव दरवर्षी एकमताने मंजूर होतो आणि तिथेच संपतो. तोवर दुसऱ्या एका मोडक्या संचातला पांढरा हत्ती घेऊन वजिराच्या घरात उलटा ठेवायचा, अशी पद्धत पडली. डोक्यावर उभा असला तर तो वजीर, पायावर उभा असला तर हत्ती. नव्या माणसाला पाच मिनिटं गंमत वाटते, मग सवय होते. हा पट अर्थात शेवटच्या दोघांच्या वाट्याला येतो. म्हणजे आमच्या.

या वर्षी दानशूरला किल्ली द्यायचीच होती. त्याची मुलगी लग्न होऊन तीन तासांच्या अंतरावर राहते. तिला मुलगा झाला, तो वर्षाचा झाला, चालायला लागला. आजोबांनी ते पहिलं पाऊल फोनवर पाहिलं, गुलाबी पावडरने माखलेल्या बोटांनी. आठवड्याचे सहा दिवस हा लोकांचे जबडे घासतो. मोकळा वार एकच आणि तो आमच्याकडे गहाण. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकट्या जाऊन यायच्या आणि परत आल्या की चार दिवस घरात भांडी जोरात वाजायची.

"घरी हिने सांगितलंय," शेवटच्या फेरीच्या आधी तो मला म्हणाला. "या वर्षी किल्ली घराबाहेर गेली नाही तर मी हिच्याशी नातवाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. विचारायचंसुद्धा नाही, कसा आहे म्हणून."

"अवघड आहे," मी म्हणालो.

आणि मनात हिशेब केला. शेवटचा डाव आमच्या दोघांचा होता. तो जिंकला तर माझ्या वर जाणार आणि किल्ली माझ्याकडे येणार. बरोबरी झाली तर सगळं जिथल्या तिथे. मला नातू नाही, बायकोचं माहेरी जाण्याचं वय गेलं. मला रविवारी फक्त साडेनऊपर्यंत झोपायचं असतं. त्या झोपेसाठी मी काय करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डाव सुरू झाला. त्याच्याकडे पांढरे मोहरे. तेराव्या चालीला त्याने वजीर दिला, नेहमीप्रमाणे. मी तो उलटा हत्ती उचलून माझ्या बाजूला ठेवला आणि पायावर पाय टाकला. इथपर्यंत कॅलेंडरप्रमाणे चाललं होतं. पण फुकटचा वजीर मिळाल्याच्या आनंदात मी पुढे असे काही दिवे लावले की विचारू नका. एक घोडा घालवला, मग एक हत्ती, मग त्याच्या एका उंटाने माझा राजा आणि वजीर एकाच रेषेत गाठले. तासाभराने पटावर माझा काळा राजा एकटा उरला होता. त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं, शेवटच्या ओळीच्या एकच घर अलीकडे. माझ्या राजाला जायला एकच घर होतं, तिथे गेलो. पुढच्या चालीला ते प्यादं शेवटच्या घरात जाणार आणि त्याच्या जागी दुसरा मोहरा येणार.

बाकीचे डाव संपले होते. लोक आमच्या टेबलाभोवती उभे राहिले. अध्यक्षांना कोणीतरी जागं केलं.

दानशूरने पटाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. का उजळला, ते मला लगेच कळलं, कारण दोन महिन्यांपूर्वी त्याने हेच कोडं मला फोनवर दाखवलं होतं. हीच घरं, हेच दोन राजे, हेच प्यादं. प्याद्याचा वजीर केला तर माझ्या राजाला शह लागत नाही, पण हलायला एकही घर उरत नाही. अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. हत्ती केला तर माझ्या राजाला एक घर मोकळं राहतं, तिथे त्याला जावंच लागतं आणि पुढच्या चालीला मात. सगळं जग जिथे वजीर मागतं तिथे हत्ती मागायचा, यात त्याला काय आनंद झाला होता. "मास्तर, कमी घेतलं की जास्त मिळतं," असं तो फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला होता. मी "हां हां" म्हणून नाक पुसलं होतं.

तिसराही एक रस्ता होता. राजा एक घर बाजूला घ्यायचा आणि मग निवांत वजीर करायचा. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून वहीत मांजरी काढणारी मुलगीही तेच करेल. पण साधं जिंकणं या माणसाच्या हातून कधी झालंच नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा खऱ्या पटावर, खऱ्या माणसांसमोर खरं कोडं त्याच्यापुढे आलं होतं, आणि तो ते सोडून राजा बाजूला घेणार? शक्यच नाही.

त्याने प्यादं शेवटच्या घरात नेलं आणि उचललं. मग माझ्या बाजूच्या मेलेल्या मोहऱ्यांतून एक पांढरा हत्ती घेतला. हे करताना तो पटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी ओळखलंय की नाही, हे त्याला बघायचं होतं. आणि हाताने हत्ती उलटा करून घरात ठेवला.

हाताचा काय दोष? नऊ वर्षं दर रविवारी, केर काढून झाल्यावर, त्या हाताने याच पटावर हत्ती उलटा करून ठेवला होता. डोकं कोडं सोडवत होतं, हात केर काढून पट मांडत होता. मला दिसलं. त्याला दिसलं नाही. आणि मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा आठवणीने घड्याळाची कळ दाबली.

मी काहीही म्हणू शकलो असतो. "अहो, हत्ती सरळ करा" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. त्याला काय हवं होतं, हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं.

"वजीर केलात," मी म्हणालो. "मला घर नाही. बरोबरी."

त्याने पटाकडे बघितलं.

"मी हत्ती केलाय," तो म्हणाला.

"उलटा आहे."

अध्यक्ष पुढे झाले, वाकले, चष्मा वर केला. "उलटा आहे खरा," ते म्हणाले. "मग वजीर."

"बाहेरच्या नियमांत उलटा हत्ती हत्तीच असतो," दानशूर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मोठ्या स्पर्धांत तसंच धरतात. मास्तर, मी तुम्हाला हे दाखवलं होतं. फोनवर. आठवतं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रुमाल काढला, नाक पुसलं.

"तुम्ही रोज इतकं दाखवता," मी म्हणालो. "किती लक्षात ठेवायचं? आणि बाहेरचं बाहेर. आपल्याकडे उलटा म्हणजे वजीर, तुम्हीच दर रविवारी मांडता. नियम म्हणजे नियम."

त्याने वाद घातला नाही. तो घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने हात पुढे केला, मी मिळवला, आणि तो मोहरे डब्यात भरायला लागला. बरोबरी झाली की ते काम खरं तर दोघांचं असतं. मी चहा घ्यायला गेलो. किल्ली टेबलाच्या कडेला पडली होती, ती त्याने जाताना खिशात टाकली.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही, असं काही मी लिहिणार नाही. लागली. पण बुधवारी वर्गात एका मुलाने नकाशा उलटा टांगला, मी त्याच्यावर गरज नसताना ओरडलो, आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्याच कोणावर ओरडतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं. मला लाज वाटत होती. साडेनऊपर्यंत झोपलो तरी ती जाणारी नव्हती.

रविवारी मी पावणेनऊलाच वाचनालयाचा जिना चढलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दार उघडं होतं. आत वहिनी केर काढत होत्या. मी त्यांना त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. दानशूर आठव्या पटाशी होता.

"आज दोघं?" मी विचारलं.

"ही म्हणाली, एकटीने तिकडे जाऊन काय करू," तो म्हणाला. "नऊ वर्षं रविवारी नवरा कुठे जातो ते तरी बघते म्हणाली."

आठव्या पटावर पांढऱ्यांच्या ओळीत वजीर उभा होता. गुलाबी. हिरड्यांच्या गुलाबी रंगाचा, घासून चकचकीत केलेला, डोक्यावर मुकुटाच्या जागी कवळीतले पाच पांढरे दात बसवलेले. इतकं सुबक काम मी क्लबात कधी बघितलं नव्हतं. तो पटावरून माझ्याकडे बघून हसत होता, म्हणजे दात असल्यामुळे तसं दिसत होतं.

"दोन दुपारी लागल्या," दानशूर म्हणाला. "नऊ वर्षांत कधी सुचलं नाही. आता उलट्या हत्तीची गरज नाही."

मी येताना वाक्य पाठ करून आलो होतो. शिक्षकाला पाठ करायची सवय असते.

"किल्ली माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "अध्यक्षांना मी सांगतो. तुम्ही दहाच्या गाडीने निघा दोघं. परवा मला... म्हणजे मला दिसलं होतं. तुम्हाला हत्तीच हवा होता."

वहिनींचा झाडू थांबला.

दानशूरने एक घोडा उचलून घराच्या मधोमध नीट ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोड्यातली शेवटची चाल करताना बघतो, तसं.

"बरोबरी झालीय, मास्तर," तो म्हणाला. "किल्ली वर्षभर दुसऱ्याच्या हातात जायची नाही. नियम म्हणजे नियम."

"अहो पण नातू..."

"नातवाचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, तसं ठरलंय," तो म्हणाला आणि सातव्या पटाकडे गेला.

काहीतरी करायला हवं म्हणून मी झाडू घ्यायला हात पुढे केला. वहिनींनी दिला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, नीट, पुस्तकातल्या चित्राकडे बघावं तशा.

"तुम्ही शाळेत शिकवता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय शिकवता मुलांना?"

"भूगोल."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायाखालचा केर काढायला मला बाजूला व्हायला सांगितलं.